आरोळी

खुंटीवरून सिन्नेवबाईंनी ती माळ उतरवली :
बर्चच्या बोटभर कांड्या ओवलेल्या,
आणि कांड्यांच्या फटीफटींत वाळून बसलेल्या
करड्या खपल्या.
"आमच्या घरचं विरजण आहे हे.
सासूनं लग्नात आणलं, पलीकडच्या काठावरून,
वल्ह्याच्या होडीत, छातीशी धरून.
घालवलंस तर दारात उभी करणार नाही.
आणि हे घालताना ओरडायचं, ऑनुन.
जेवढा ओरडशील तेवढी चढेल.
पुटपुटलास तर मिळमिळीत होईल."

मी सव्वीस वर्षं फेरीबोटीवर गाड्या लावून घेतो.
हातानं. ये पुढे. अजून. अजून. बस.
त्या कामाला आवाज लागत नाही.
आई गेल्यापासून घरातही लागत नाही.

शनिवारी पहाटे जुनिपरच्या फांद्या तोडल्या,
बोटं टोचून लाल.
मागून आणलेल्या तांब्याच्या हंड्यात त्या उकळल्या
तेव्हा शेडमध्ये असा वास भरला
की कुत्रं आत येऊन शिंकलं आणि गेलंच नाही.
मग माल्ट, गरम पाणी, लाकडी वल्हं,
खांदे भरून येईस्तोवर ढवळणं.
मग तोटी उघडली. काही नाही.
तळातल्या फांद्या मी उलट्या रचल्या होत्या म्हणे,
बुंधे तोटीकडे.
गुडघ्यावर बसून तोटीत तोंड घालून फुंकर मारली,
आतून गुडगुड, आणि मग एकदम
चिकट, गोड, गरम,
नाकात, दाढीत, बाहीत.
सिन्नेवबाई विणकाम करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
"चव कशी आहे?"

चार तास आटवलं.
रंग आधी चहाचा, मग जुन्या खोगिराचा.
पिंप ओढ्यात बुडवून ठेवलं
आणि दर दहा मिनिटांनी कोपर घालून पाहिलं,
कारण थर्मामीटरची बॅटरी ऐन वेळी संपली.
बाळाच्या अंघोळीइतकं झालं की सांग, म्हणाल्या.
मला कुठलं बाळ ठाऊक?
मी आपला म्हणालो, झालं.

माळ सोडली पाण्यात. म्हणजे पाणी नव्हे आता ते,
नावही नव्हतं त्याला अजून.
तोंड उघडलं.
खोकल्यासारखं काहीतरी निघालं.
कुत्र्यानं कान हलवला.
"पुन्हा," सुया न थांबवता.
पुन्हा. थोडं बरं. देवळात चुकून
बाक सरकवल्यासारखं.
"ऑनुन, ते झोपलंय. चार वर्षं झोपलंय.
त्याला उठवायचंय, त्याची माफी नाही मागायची."

मग काय झालं सांगता येत नाही.
पोटातून आलं, आणि आलं ते हे :
ये पुढे!
अजून! अजून! लाल व्होल्वो, तू ये!
दुधाचा टँकर, घाबरू नकोस, जागा आहे!
ये, ये, ये,
सव्वीस वर्षांत हातानं बोलावलेली सगळी वाहनं
एकदम धक्क्यावर आली.

डोंगरानं एकदा परत ओरडून दाखवलं.
मग शांत. नुसता ओढा.
आणि मग पाण्यापलीकडून, बारीक, कुणाचं तरी
होऽऽऽ.
"हाल्वोर आहे तो," सिन्नेवबाईंनी टाका मोजला.
"त्याला कळलं. परवा येईल प्यायला."

रात्री पिंपाला माझं बोटीवरचं जाकीट गुंडाळलं,
चमकत्या पट्ट्यांचं, आणि कान लावून बसलो.
दोन वाजेपर्यंत काही नाही.
मग एक.
मग बराच वेळ नाही.
मग दोन, तीन, मग मोजणं सोडून दिलं.

परवा हाल्वोर आला, त्याची बहीण आली,
न बोलावलेले आणखी चौघे आले.
गढूळ होती. वर संत्र्याच्या सालीचा वास,
खाली धूर जरा जास्तच.
हाल्वोरनं घोट तोंडात घोळवला,
खिडकीकडे बघत राहिला, म्हणाला,
"धुरकटली आहे.
पण ओरडलेली आहे."
आणि भांडं पुढे केलं.

तळाचा साका माळेला लेपून चुलीपाशी टांगला.
वाळला की अर्धी माळ सिन्नेवबाईंची,
अर्धी माझ्या खुंटीला. खुंटी ठोकायची आहे.

मंगळवारी बोटीवर घसा पूर्ण बसलेला.
कुणाच्याही लक्षात आलं नाही.